कोंबडी कशाने मेली, हे पाहूनच ठरवावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परसात मोजक्या कोंबड्या पाळणाऱ्या घरी एखादी कोंबडी काही दिवस मलूल बसून मेली, की तिच्या मृत्यूचे कारण बहुधा तिला पुरण्याआधीच ठरलेले असते. ऊन लागले, काहीतरी विषारी टिपले, वय झाले, यांपैकी जे पटेल ते मान्य केले जाते आणि उरलेल्या कोंबड्यांच्या पाण्यात खबरदारी म्हणून घरातले उरलेसुरले प्रतिजैविक मिसळले जाते. माझ्या मते या सवयीने कोंबड्यांचे नुकसानच अधिक होते. औषधाचा निर्णय शवपरीक्षेनंतरच व्हायला हवा.

आजारपण लपवणे हा कोंबडीचा स्वभावच आहे. ती पिसे फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसू लागते तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो, आणि त्या बसण्यावरून आतले काहीच कळत नाही. अंड्याचा बलक अंडनलिकेत न शिरता पोटाच्या पोकळीत पडून तिथे दाह झालेला असो, अंडाशयाचा कर्करोग असो, गिळलेली तार जठरात रुतलेली असो किंवा कॉक्सिडिया या सूक्ष्म परजीवींनी आतडी पोखरलेली असोत, बाहेरून दिसणारे चित्र जवळपास एकच. यांतले पहिले तिन्ही आजार त्या एका कोंबडीपुरते असतात, तर कॉक्सिडिया ओल्या, घाण झालेल्या जमिनीतून पिल्लांपर्यंत झपाट्याने पोहोचतात, म्हणून पालकाला सर्वप्रथम हाच फरक कळायला हवा. पोट उघडल्यावर साकळलेला पिवळा बलक किंवा रक्ताने भरलेले आंधळे आतडे जाणकाराला लगेच दिसते.

मॅरेक्स या विषाणूजन्य आजाराचे उदाहरण तर फारच बोलके आहे. त्यात यकृतावर व प्लीहेवर गाठी येतात, पण तशाच गाठी ल्युकोसिस या दुसऱ्या विषाणूजन्य आजारातही येतात. दोन्ही पायांच्या मुख्य चेतातंतूंची तुलना करताना एका बाजूचा तंतू जाड, पिवळसर दिसला, तर संशय मॅरेक्सकडे वळतो आणि सूक्ष्मदर्शकाखालील ऊतितपासणी त्याची शहानिशा करते. हा विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरतो, खुराड्याच्या धुळीत कित्येक महिने टिकतो आणि त्यावर औषध नाही, परंतु पिल्लू एक दिवसाचे असताना देण्याची लस आहे. म्हणजे मेलेल्या कोंबडीच्या पायातला एक तंतू पाहून पुढची पिल्ले लस दिलेलीच आणायची, हे ठरवता येते; प्रतिजैविकाने यातले काहीही साधत नाही.

अर्थात शवात जे सापडले त्यानेच कोंबडी मेली, असेही नव्हे. आतड्यात चार जंत दिसले की सारा दोष त्यांच्यावर ढकलण्याचा मोह होतो, पण थोडे जंत आणि थोडे कॉक्सिडिया धडधाकट कोंबडीतही असतात. ई. कोलाय हा जिवाणू तर आतड्यातच राहणारा, त्यामुळे मृत्यूनंतर तो इतर अवयवांतही पसरलेला आढळतो. म्हणून तपासणाऱ्याला अवयवांत दिसणारे बदल आणि कोंबडीचा इतिहास दोन्ही लागतात: वय, शेवटचे अंडे कधी दिले, विष्ठा कशी होती, खाद्य बदलले का, नवी कोंबडी कळपात आली का, कोणते औषध दिले. ही माहिती कागदावर लिहून शवासोबत द्यावी, कारण तोंडी सांगताना नेमकी औषधाचीच गोष्ट राहून जाते (आणि बऱ्याचदा मुद्दाम राहते).

शव टिकवण्यातही हयगय होते. पिसे उष्णता धरून ठेवतात, त्यामुळे मेलेली कोंबडी आतून सावकाश थंड होते आणि आतडी व यकृत लवकर कुजतात. हातमोजे घालून शव साबणाच्या थंड पाण्याने पिसांखालपर्यंत भिजवावे, दुहेरी पिशवीत बांधून खाद्यपदार्थांपासून वेगळे, सुमारे 4 अंश सेल्सियसला ठेवावे आणि शक्यतो 24 तासांत तपासणीसाठी पोहोचवावे. गोठवू मात्र नये. बर्फाच्या कणांनी पेशी फाटतात आणि ऊतितपासणीत फारसे काही हाती लागत नाही.

एका परिस्थितीत मात्र स्वतःहून शवाला हात लावू नये. थोड्या वेळात अनेक पक्षी मेले, तुरे निळसर पडले, डोकी सुजली, श्वास घेणे कठीण झाले किंवा माना वळल्या, तर बर्ड फ्लू अथवा राणीखेत या विषाणूजन्य आजारांची शंका घ्यावी लागते. बर्ड फ्लूची लागण माणसालाही होऊ शकते. अशा वेळी शव कापू किंवा कुठे नेऊ नये, उरलेले पक्षी विकू अथवा खाऊ नयेत आणि पशुवैद्यकीय यंत्रणेला तात्काळ कळवावे.

पशुवैद्यकांना एक विनंती आहे. काही वेळा सर्व तपासण्यांनंतरही कारण सापडत नाही. बोट्युलिझमसारख्या विषबाधेत तर अवयवांवर डोळ्यांना दिसणारी खूणही बहुधा नसते. तेव्हा अहवालात केवळ ‘कारण अज्ञात’ असे न लिहिता कोणकोणत्या आजारांसाठी तपासणी झाली, त्यांतले कोणते वगळले गेले आणि कोणती तपासणी झालीच नाही, हे साध्या भाषेत नोंदवावे, म्हणजे उरलेल्या कोंबड्या वेगळ्या ठेवायच्या की नेहमीप्रमाणे मोकळ्या सोडायच्या, हे पालकाला ठरवता येईल.

आपला विश्वासू,
एक कुक्कुटपालक वाचक