आण्णांना, हायडेलबर्गहून

ती. आण्णांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढ्या लांब जाऊन तू बघतेस तरी काय?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

२०१९ चा पूर आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीला टेकलं आणि तुम्ही म्हणालात, नवी मूर्ती साच्यात घालायची नाही. हातातल्या तेवढ्या पुऱ्या केल्या, अर्धवट रंगवलेल्या माळ्यावर एकीला एक लावून ठेवल्या. पुढं पाणी ५५ फुटांवर गेलं.

इथं मी पेशी तासभर ४३ अंशांवर ठेवते. आकडा जुळला, हसू नका. त्यांचंही तसंच. ईआयएफ-टू-अल्फा नावाच्या प्रथिनावर फॉस्फेटचा शिक्का बसतो आणि नवं प्रथिन बनवायला घेणं थांबतं. कामावरचे रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे कारागीर, हातातलं पुरं करून उतरतात. काय बनवायचं त्याच्या चिठ्ठ्या, म्हणजे आरएनए, उघड्या पडतात. जी-थ्री-बीपी-वन हे प्रथिन एरवी अंगाची घडी घालून बसलेलं असतं. उघडा आरएनए भेटला की उलगडतं, त्याला धरतं, आणि बघता बघता ठिपके जमतात. भोवती पडदा नाही. रश्श्यावरच्या कटासारखे थेंब, दोन भेटले की एक.

माळा तुम्ही ठरवलात, इथं सांगणारा कुणी नाही. कॅप्रिन-वन थेंब जमवायला मदत करतं, यूएसपी-टेन मोडता घालतं, आणि दोघांना जी-थ्री-बीपी-वनवरची जागा एकच हवी. भाऊबंदकीच.

माझी डोकेदुखी मात्र पुढची: ३७ अंशांवर परत आणल्यावर थेंब विरणं. उष्णतेनंतर जी-थ्री-बीपी-वनवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लागते आणि व्हीसीपी नावाचं प्रथिन त्याला ओढून बाहेर काढतं. व्हीसीपी बिघडलं तर थेंब रेंगाळतात. त्याच्या जनुकातले काही दोष एएलएस या आजाराच्या रुग्णांत सापडलेत. त्यात स्नायू हळूहळू निकामी होतात. रोग या थेंबांमुळंच होतो का, यावर इथं भांडणं चालतात. मी अजून कुणाच्याच बाजूला नाही.

पाणी ओसरल्यावर माळ्यावरचे दोन गणपती ओल्या रंगानं एकमेकांना चिकटले होते. तुम्ही सुरीनं सोडवलेत तेव्हा एकाचा कान गेला. तो अजून माळ्यावर आहे का? दादाला फोटो पाठवायला सांगा.

तुमची लेक