हलगी मढवणारे हात तयार करायचे आहेत, साथ द्या

मंडळी, सप्रेम नमस्कार.

परवा कोल्हापुरात विसर्जन मिरवणुकीत पापाच्या तिकटीजवळ पावसाची झिमझिम सुरू झाली आणि आपल्या तालमीतल्या पोरांच्या हलग्या बसल्या. कडाडणारं चामडं थपथप वाजायला लागलं. पोरांनी हलग्या ट्रॉलीत ठेवल्या आणि एकमेकांकडं बघत उभी राहिली. तेवढ्यात गर्दीतून एक आजोबा पुढं आले. बंद दुकानाच्या वळचणीला त्यांनी दोन-चार पुठ्ठे पेटवले, हलगी जाळावर धरून फिरवली, मधूनच टिचकी मारून कान लावला, पुन्हा शेकली. पाच मिनिटांत हलगी बोलायला लागली. भोवती पंधरा-वीस पोरं वाकून बघत होती. चामडं हवेतला ओलावा पितं, सैल पडतं आणि ऊब लागली की पुन्हा ताणतं, हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. दोन वर्षं झाली, ही पोरं हलगी वाजवतात. त्यांना हे सांगणं आमचं काम होतं आणि आम्ही ते केलं नाही.

म्हणून दिवाळीनंतर तालमीच्या मागच्या खोलीत वाद्यं बनवण्याची आणि वाजवण्याची कार्यशाळा सुरू करतोय. बारा रविवार, तीस मुलं-मुली, फी नाही. पावसाळी हवेत चामडं नीट वाळत नाही, तेव्हा दिवाळीनंतरचाच मुहूर्त योग्य. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला मानाच्या उंच सासनकाठ्या निघतील, तेव्हा प्रत्येकाच्या हातात स्वतः मढवलेलं वाद्य असावं, एवढी आमची इच्छा आहे.

सुरुवात हलगीपासून. चामडं भिजवायचं, कडीवर सगळीकडून सारखं ताणून बसवायचं, सावलीत वाळू द्यायचं. ताण एका बाजूला कमी पडला की आवाज फाटतो, आणि तो का फाटला हे ज्यानं स्वतः ताणलंय त्यालाच कळतं. मग वाजवणं. एका हातात जाड टिपरू, कडी धरलेल्या हातात बारीक काडी. हलगीच्या जोडीला घुमकं हे चामड्याचं वाद्य आणि कैताळ ही धातूची झांज. खासबाग मैदानात कुस्ती रंगात आली की ही तिन्ही मिळून पैलवानाच्या अंगात वारं भरतात, ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यानंतरच्या रविवारी तुणतुणं आणि चौंडकं, म्हणजे देवीच्या गाण्यातलं तारेचं वाद्य. तुणतुण्याची तार शाहिराच्या सुरात कशी लावायची, हे खुंटी पिळता पिळताच शिकायचं. ज्या घरांत चामड्याला हात लावायचा नाही, तिथल्या मुलांना लेझमीच्या साखळ्या आणि चकत्या बसवायला शिकवू. त्यांनाही बाहेर ठेवायचं नाही.

एक गोष्ट मात्र मोकळेपणानं लिहायला हवी. ही वाद्यं ज्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांना गावानं मान दिला नाही. लग्नात, जत्रेत, मयताला हलगी हवी, पण वाजवणाऱ्याची पंगत शेवटची. त्या घरातल्या काही तरुणांना आज हलगी हातात धरायची नसते. त्यांचं चुकतं असं आम्ही मुळीच म्हणणार नाही. शास्त्रीय गाण्याला या शहरात १८८३ पासून देवल क्लबचं छप्पर आहे, गायक अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी आपल्या दरबारात मानानं ठेवलं. हलगी-घुमक्याच्या वाट्याला तसं छप्पर आलं नाही. म्हणून आमच्या कार्यशाळेत शिकवायला येणारे कारागीर गुरुजी म्हणून येतील आणि प्रत्येक रविवारचं मानधन त्याच दिवशी त्यांच्या हातात पडेल. यात तडजोड नाही. मिरवणुकीतल्या त्या आजोबांनी यायचं कबूल केलंय, आणि त्यांच्या जोडीला धनगरी ढोल मढवणारे एक जाणकार आहेत.

जवळच मिरज आहे. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथं घराघरांत भोपळा कापण्यापासून जवारी, म्हणजे तारेच्या सुरातली गुंज, लावण्यापर्यंतचं काम बापाकडून मुलाकडं जातं. तंतुवाद्यांसाठी तिथले एक कारागीर एक रविवार देणार आहेत.

आता खर्चाचं. एका मुलाचं सामान, म्हणजे कडी, चामडं, टिपरू, काडी आणि तुणतुण्याची तार-लाकूड, आम्ही ८०० रुपये धरलंय. तीस मुलांचे २४,००० होतात. दोन गुरुजींचं बारा रविवारचं मानधन ३६,०००. एकूण ६०,०००. तालमीतल्या सभासदांनी आपापसांत २२,००० जमवलेत, ३८,००० कमी पडतात. कुणी एका मुलाचं सामान उचलावं, कुणी एका रविवारचं मानधन द्यावं, कुणाला शंभर रुपये जमत असतील तर तेही आनंदानं घेऊ. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि सगळा हिशेब तालमीच्या फळ्यावर लागेल.

पैशाइतकीच हत्यारांची गरज आहे. पटाशी, रंधा, कानस, रापी, दाभण, चामडं भिजवायला जुनं घमेलं. सुतारकाम किंवा चामड्याचं काम येणाऱ्यांनी महिन्यातून एखादा रविवार दिला तर फार मोठी मदत होईल, कारण तीस पोरांच्या हातात धारदार हत्यारं द्यायची म्हणजे शेजारी जाणती माणसं उभी हवीत.

आणि कृपा करून माळ्यावर चढा. फुटका ढोल, चामडं गेलेली दिमडी, खुंटी तुटलेलं तुणतुणं, एका बाजूनं उसवलेला संबळ, जे असेल ते घेऊन या. दुरुस्तीला आलेल्या वाद्यावर मुलांचा हात जास्त लवकर बसतो. वाद्य परत हवं असेल तर मढवून परत देऊ. रोज संध्याकाळी सहा ते आठ तालमीत कुणी ना कुणी असतं. फक्त वाद्यासोबत एक चिठ्ठी बांधा: घरात हे कोण वाजवायचं, आणि कुठल्या जत्रेला.