सूचना: किटामधली (पाळणाघर-बालवाडीतली) कंदील-मिरवणूक (सांक्ट मार्टिन, ११ नोव्हेंबर)

जर्मनीतल्या नव्या पालकांसाठी. मार्टिन या रोमन सैनिकाने तलवारीने आपला झगा कापून अर्धा भिकाऱ्याला दिला, त्याची ही आठवण. किटाची तारीख ११ च्या आगेमागे असू शकते. पत्रक नीट वाचा.

कंदील मुलं किटातच बनवतात, कधी पालकांना संध्याकाळी बोलावतात. घरी करायचा असेल तर तळाला चीजची गोल पुठ्ठ्याची डबी, भोवती पतंगाच्या कागदासारखा पारदर्शक कागद. कंदील टांगायच्या तारेची भोकं काठापासून सेंटीमीटरभर खाली, अगदी समोरासमोर पाडा आणि आतून चिकटपट्टी लावा. इथेच कागद फाटतो, कंदील कलतो आणि मूल रस्त्यातच रडायला लागतं. पावसासाठी पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी खिशात ठेवा.

दिव्याची काठी (कंदील धरायची, टोकाला सेलवरचा छोटा दिवा असलेली) बहुधा आपणच आणायची असते. दिवाळीची पणती कंदिलात ठेवू नका, कागद पेटतो. सेल आदल्या दिवशी तपासा, जादा जोडी घ्या. ऑक्टोबरअखेरीस दुकानांतल्या काठ्या संपू लागतात.

कप घरून न्या. मुलांचा पुंश (दारू नसलेलं गरम फळपेय) आणि मोठ्यांची गरम वाइन दिसायला सारखीच लाल, म्हणून विचारूनच भरा. वेकमान म्हणजे माणसाच्या आकाराचा गोडसर पाव. त्याला बऱ्याचदा अंडं लावलेलं असतं. न खाणाऱ्यांनी आधीच सांगावं. वेकमानच्या हातातला पाइप मातीचा असतो, लहानग्यांकडून काढून घ्या.

पालक सोबत असताना मुलाकडे सहसा आपणच बघायचं असतं. गाण्यांचे कागद आधी मागून घ्या, चार ओळी पाठ करा. इतरांच्या मुलांचे फोटो गटात टाकू नका.