फिफाच्या अध्यक्षांना खुलं पत्र: खुर्चीवरचा हस्तक्षेप दिसतो, खेळाडूच्या पाठीवरचे वळ का दिसत नाहीत?

मा. जियानी इन्फान्टिनो,
अध्यक्ष, फिफा, झुरिक

महोदय,

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की गावात दुसरा विषय नसतो. हरलेल्या खेळाडूला घरी जाईपर्यंत काय काय ऐकून घ्यावं लागतं, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलोय. पण हरला म्हणून तुरुंग आणि तळपायांवर फटके? इराकच्या राष्ट्रीय संघानं हे वर्षानुवर्षं सोसलं. त्या बाबतीत आपल्या संस्थेनं जे केलं आणि जे अजूनही केलेलं नाही, त्याबद्दल हे पत्र आहे.

आधी आमचा अनुभव सांगतो. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफानं भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं. पदाधिकाऱ्यांची मुदत उलटून गेली होती, निवडणूक होत नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं तीन जणांची प्रशासक समिती नेमली होती. आपल्या नियमांत हा त्रयस्थांचा हस्तक्षेप ठरला. गोकुलम केरळचा महिला संघ तेव्हा आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेला होता. त्या मुली एकही सामना न खेळता परत आल्या. मग न्यायालयानं समिती बरखास्त केली, महिना संपायच्या आत निलंबन उठलं आणि ऑक्टोबरात १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत पार पडला. म्हणजे फिफानं मनावर घेतलं तर दोन आठवड्यांत एवढ्या मोठ्या देशाला माघार घ्यावी लागते.

आता इराककडे बघा. १९८४ पासून तिथली ऑलिंपिक समिती सद्दाम हुसेनचा थोरला मुलगा उदय याच्या ताब्यात होती. फुटबॉल संघटनाही त्याच्याच हातात होती. सामना गमावला की खेळाडूंची रवानगी कोठडीत व्हायची, डोकी भादरली जायची, पायांवर फटके पडायचे. शरार हैदर हे माजी राष्ट्रीय खेळाडू १९९८ मध्ये देशाबाहेर निसटले आणि त्यांनी सगळं उघड सांगितलं. अंगातला शर्ट काढायला लावून त्यांना उघड्या पाठीवर खडबडीत जमिनीवरून फरफटत नेलं गेलं. पाठ सोलवटल्यावर त्यांना सांडपाण्यात उतरवलं, जखमा चिघळाव्यात म्हणून. रागाच्या भरात कुणी असं करत नाही. ही डोकं शांत ठेवून ठरवलेली शिक्षा होती.

१९९७ मध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीत इराक कझाकस्तानकडून हरला आणि खेळाडूंना मारहाण झाल्याच्या बातम्या बाहेर आल्या. तेव्हा फिफानं दोन जणांची समिती बगदादला पाठवली. समितीनं खेळाडूंना बगदादमध्येच बसवून विचारलं. ज्या शहरात आईवडील, बायकामुलं राहतात आणि ज्याच्यावर आरोप करायचा त्याचंच राज्य चालतं, तिथे कोण तोंड उघडणार? आरोपांत तथ्य नाही, असा निष्कर्ष निघाला. मार खाल्लेल्यांना न्याय तर मिळाला नाहीच, उलट मारणाऱ्याच्या हाती फिफाचं प्रशस्तिपत्र पडलं.

त्याच इराकला फिफानं नोव्हेंबर २००९ मध्ये मात्र निलंबित केलं. उदय मरून तेव्हा सहा वर्षं झाली होती, आणि दोनच वर्षांपूर्वी जकार्तात त्या संघानं आशिया चषक जिंकला होता. गुन्हा काय, तर देशाच्या ऑलिंपिक समितीनं फुटबॉल संघटना बरखास्त केली. कारवाई व्हायला आठवडासुद्धा लागला नाही. खेळाडूंच्या छळासाठी असं निलंबन एकदाही झालं नव्हतं.

हे सगळं आपल्या आधीचं आहे, मान्य. पण २१ नोव्हेंबर २०२२ रोजी आपणच अध्यक्ष होता. दोहाच्या खलिफा स्टेडियमवर इंग्लंडविरुद्धच्या सामन्याआधी इराणचं राष्ट्रगीत वाजलं आणि अकराही खेळाडू ओठ मिटून उभे राहिले. हिजाब नीट घातला नाही म्हणून पोलिसांनी पकडलेल्या महसा अमिनीच्या कोठडीतल्या मृत्यूनंतर त्यांचा देश पेटलेला होता. आपण शोकाकुल कुटुंबांच्या सोबत आहोत, असं कर्णधार एहसान हाजसफी यांनी आदल्या दिवशी पत्रकारांसमोर सांगितलं होतं. चार दिवसांनी वेल्सविरुद्ध मात्र तेच खेळाडू राष्ट्रगीत म्हणत होते, जेमतेम ओठ हलवत. मधल्या काळात, २४ तारखेला, सरकारवर टीका करणारे माजी राष्ट्रीय खेळाडू वोरिया गफूरी यांना इराणात अटक झाली होती. डिसेंबरात, आंदोलकांना पाठिंबा देणारे इराणचे माजी कर्णधार अली दाई यांच्या पत्नी आणि मुलीचं दुबईला निघालेलं विमान किश बेटावर उतरवून दोघींना खाली घेतलं गेलं. दाई म्हणजे आंतरराष्ट्रीय गोलांचा विक्रम वर्षानुवर्षं ज्यांच्या नावावर होता ते. स्पर्धेआधी आपण सगळ्या ३२ संघांना पत्र पाठवून फुटबॉलवर लक्ष द्यायला सांगितलं होतं. ते पत्र तेहरानच्या मंत्रालयाला जायला हवं होतं.

इराणला निलंबित करा, असं मी म्हणत नाही. निलंबनानं शेवटी शिक्षा खेळाडूलाच होते, ताश्कंदहून परतलेल्या मुलींना विचारा. पण आपल्या नीतिसंहितेत व्यक्तीवर बंदी घालायची सोय आहे आणि लाचखोरांविरुद्ध ती वापरलीही गेली आहे. खेळाडूला पकडून देणाऱ्या किंवा त्याच्या घरच्यांना धमकावणाऱ्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यावर तीच बंदी घाला. मंत्री आपल्या अखत्यारीत येत नाहीत, पण विश्वचषकात त्यांना मानाच्या खुर्च्या आपणच देता. त्या देऊ नका. हस्तक्षेपाच्या कलमांत खेळाडूची अटक, छळ आणि कुटुंबाला दिलेली धमकी स्पष्ट शब्दांत लिहा. मानवी हक्कांची हमी फिफाच्या घटनेच्या कलम ३ मध्ये २०१६ पासून आहेच. आणि चौकशी करायची असेल तर ती त्या देशाबाहेर करा, खेळाडूचे नातेवाईक सुरक्षित आहेत याची खात्री करून घेतल्यावर.

एक काम तर उद्याही करता येईल. १९९७ चा तो निष्कर्ष फिफानं जाहीरपणे मागे घ्यावा, आणि त्या संघातले जे खेळाडू आज हयात आहेत त्यांना आपल्या सहीनं तसं लेखी कळवावं.

आपला,
कोल्हापूरचा एक फुटबॉलप्रेमी