फ्लोराइड लावलं म्हणून दात घासणं सुटत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला फ्लोराइडवरचा लेख दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याशी अडले: दवाखान्यात फ्लोराइड लावून घेतलं की दातांवर जिवाणूंचा चिकट थर (प्लाक) धरत नाही. याच समजुतीपायी माझ्या मुलीचे दात बिघडले, म्हणून लिहिते आहे.

ती चार वर्षांची असताना तिच्या दातांना फ्लोराइडचं व्हार्निश लावलं. छोट्या ब्रशनं पिवळसर चिकट लेप फिरवला, पाच मिनिटांत काम झालं. ‘आता सहा महिने काळजी नको,’ असं सांगितलं गेलं आणि आम्ही खरंच काळजी सोडली. रात्री पेंगुळली की दात न घासताच झोपू द्यायचे. सहा महिन्यांनी वरच्या दातांवर, हिरडीला लागून, खडूसारखी पांढरी रेघ उमटली; कीड सुरू होत असल्याची ती खूण. दुसऱ्या डॉक्टरांनी तिला साचलेला थर रंगवून दाखवणारी गोळी चघळायला लावली, चूळ भरून घेतली आणि आरसा हातात दिला. हिरडीलगतची कड न् कड गडद गुलाबी! त्यातलं थोडं त्यांनी खरवडून मला दाखवलं. ओल्या पिठासारखं मऊ होतं. साध्या ब्रशनं निघालं असतं.

फ्लोराइड दाताचं कवच बळकट करतं, जिवाणूंच्या आम्लानं गेलेले क्षार परत बसायला मदत करतं. एरवी साधारण ५.५ पीएचला (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) विरघळू लागणारं कवच फ्लोराइड मुरल्यावर ४.५ च्या आसपासपर्यंत तग धरतं. पण साचलेला थर निघतो तो घासूनच. स्टॅनस फ्लोराइड या प्रकारच्या फ्लोराइडच्या पेस्टनं थर काहीसा कमी धरतो, हे खरं. व्हार्निशमध्ये मात्र सहसा सोडियम फ्लोराइड असतं. लेखात या दोन्हींची सरमिसळ झाली आहे. व्हार्निशला माझा मुळीच विरोध नाही; कीड रोखायला ते उपयोगी आहे आणि मुलीला आम्ही आजही लावतो. रोज रात्री दातही मीच घासून देते.

आणि लेखासोबतचा तो फोटो! तीनेक वर्षांचं मूल, आणि ब्रशवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्ट. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरते, त्याहून लहानाला तांदळाच्या दाण्याएवढी. एवढाली मुलं पेस्ट गिळतात आणि जास्त फ्लोराइड पोटात गेलं की पुढे येणाऱ्या पक्क्या दातांवर डाग पडू शकतात.

दोन्हींची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच जागी छापावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक