पथ्य हवेच, पण औषधे सोडून नको

महोदय,
‘आहार बदला, आतड्यांची सूज मुळापासून जाईल’ असे सल्ले हल्ली सर्रास दिले जातात. माझी धाकटी बहीण क्रोन्स या आतड्यांच्या आजाराची रुग्ण आहे, म्हणून राहवत नाही. आहाराला महत्त्व आहेच. क्रोन्स झालेल्या मुलांना ६ ते ८ आठवडे केवळ विशेष द्रव आहारावर ठेवूनही सूज उतरवतात, पण तेही डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. ‘भरपूर चोथा खा’ असे सरसकट सांगणे मात्र घातक. आतडे अरुंद झाले असेल, तर कच्च्या भाज्यांचा, सालींचा चोथा तिथेच अडकतो. पोट फुगते, कळा येतात, उलट्या सुरू होतात आणि थेट रुग्णालय गाठावे लागते.

बरे वाटू लागले की गोळ्या बंद करण्याचा मोह होतो. पण त्रास थांबला तरी आत सूज असू शकते. शौचाच्या कॅल्प्रोटेक्टिन तपासणीत ती कळते. क्रोन्समध्ये धूम्रपान सोडल्याने खरोखर फरक पडतो, त्याबद्दल हे सल्लागार चकार शब्द काढत नाहीत. आणि कृपा करून रुग्णाला ‘काय खाल्लंस?’ असे दरडावून विचारू नका. तो आधीच प्रत्येक घास जपून खात असतो.

– एक वाचक