काका, तुम्ही आम्हाला तळ्याकडे पाठ करायला लावलीत

प्रिय काका,

हे पत्र तुमच्या एकट्याच्या हाती दिलं असतं, तर तुम्ही ते घडी घालून ठेवलं असतंत आणि पुन्हा विषय काढला नसतात. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

दोन वर्षं आम्ही दर रविवारी जलपर्णी काढायला तळ्यात उतरत होतो. गुडघाभर चिखल, खांद्यावर दोर, काठावर हिरवे ढीग. महिनाभरात पाणी पुन्हा झाकलेलं असायचं. तुम्ही रोज सकाळी काठाने फिरायचात. एकदा थांबलात आणि म्हणालात, "तळ्याकडे पाठ करून उभे राहा बरं. काय दिसतं?" समोर नाला होता. "शेवटचा पाऊस कधी पडला?" चार महिने झाले होते. "मग हे पाणी कुठलं?"

पावसाळी नाला उन्हाळ्यात कोरडा हवा. तो वाहतोय याचा अर्थ कुणाचं तरी मैलापाणी त्यात सोडलेलं आहे. जलपर्णी त्याच खतावर पोसली जात होती आणि आम्ही नुसतं पीक कापत होतो. मैलावाहिन्यांच्या कामात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला हे एका नजरेत कळलं, आम्हाला दोन वर्षांत कळलं नव्हतं.

मग ते मासे मेले तेव्हाची पहाट. कुणीतरी विष कालवलं असं सगळे म्हणत होते. तुम्ही म्हणालात, "उजाडायच्या आत या." काचेच्या बुचाच्या दोन बाटल्या घेऊन तुम्ही आधीच पोचला होतात. आदल्या दुपारच्या पाण्यात रसायनं घातल्यावर तपकिरी साका बसला होता, पहाटेच्या पाण्यात जवळजवळ पांढरा. पाण्यात विरघळलेला प्राणवायू असेल तरच साका तपकिरी होतो. 1888 साली रसायनशास्त्रज्ञ विंकलर यांनी शोधलेली ही रीत अजून चालते, हे सांगताना तुमचा चेहरा उजळला होता. दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करतं, रात्री तेच तो वापरतं. मैला कुजवणारे जिवाणू तर चोवीस तास वापरतात. सूर्योदयाच्या जरा आधी तो सगळ्यात कमी असतो, आणि मासे तेव्हाच गुदमरतात. विष घालणारा शोधत बसलो असतो तर नाला तसाच वाहत राहिला असता.

त्यानंतर तुम्ही आम्हाला नाल्याच्या काठाने वर वर नेलंत. मैलावाहिनीच्या चेंबरमागून चेंबर. हिरवा रंग पाण्यात सोडायचा आणि तो खाली कुठे उगवतो ते बघत थांबायचं. एका तुंबलेल्या चेंबरचं पाणी चक्क पाइप घालून नाल्यात काढून दिलेलं सापडलं. पूर्वी आमच्या अर्जाला "स्वच्छता मोहीम सुरू आहे" एवढंच उत्तर यायचं. तुम्ही नकाशा काढायला लावलात, प्रत्येक चेंबर त्यावर मांडलात, कोरड्या दिवसांचे फोटो तारखेसह जोडलेत. त्या कागदाला मात्र कुणाला मोघम उत्तर देता आलं नाही.

पुढे मी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलजवळच्या लेक वॉशिंग्टनबद्दल वाचलं. तिथे शहरांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणीसुद्धा तळ्याला बाधत होतं, कारण त्यात शेवाळाला खत ठरणारा फॉस्फरस उरत होता. एडमंडसन या प्राध्यापकांनी हे दाखवून दिलं, 1958 साली लोकांनी मतदान करून सांडपाणी दुसरीकडे वळवायचं ठरवलं, आणि 1968 पर्यंत ते तळ्यात येणं थांबलं. पाणी पुन्हा नितळ झालं. वाचताना तुमचा आवाज कानात होता. पण तुम्ही तेव्हाच बजावलं होतंत, की आपलं तळं उथळ आहे, तळाच्या गाळात वर्षानुवर्षांचा फॉस्फरस बसलाय, तळाशी प्राणवायू संपला की तो पुन्हा वर येतो, तेव्हा लगेच फरक दिसला नाही तर खचू नका. ते सांगितलं नसतंत तर पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही हात टेकले असते.

आणि तो दक्षिणेचा उथळ काठ. राडारोड्याचे पहिले दोन ट्रक तिथे पडले, तेव्हा आम्हाला ती पडीक जागाच वाटली. तुम्ही इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. पावसाळ्यात पाणी पसरतं ते इथेच, पाणकणसात मासे अंडी घालतात ते इथेच. आज भराव, उद्या पत्रे, परवा भिंत. पाणी कुठवर चढतं हे दाखवणारे खांब तुम्ही त्याच पावसाळ्यात आमच्याकडून रोवून घेतलेत. ते अजून उभे आहेत. त्यांच्या आत एकही पत्रा लागलेला नाही.

तुम्ही गाव बदललंत, पण बाटल्या आमच्याकडे ठेवून गेलात. यंदा नाल्याची तीन तोंडं कोरडी आहेत, चौथं अजून ओलं आहे. त्याच्या वरचे चेंबर आम्ही येत्या आठवड्यात उघडून घेतोय. त्यानंतर एका पहाटे पाणी भरीन आणि साका कोणत्या रंगाचा बसला, ते सगळ्यात आधी तुम्हाला कळवीन.

तुमची,
रविवारच्या चमूतली एक